आश्रयाचे ऋण

मनुष्याच्या जन्माविषयी शतपथ ब्राह्मणात एक विचार आला आहे, आणि तो असा की जो कोणी अस्तित्वात येतो तो ऋणको होऊनच येतो. देवांचे, ऋषींचे, पितरांचे आणि मनुष्यांचे अशी चार ऋणे जन्मतःच त्याच्या माथी असतात. यांपैकी पहिली तीन आपल्याकडे पुष्कळ गाजली. यज्ञाने देवऋण, अध्ययनाने ऋषिऋण आणि संततीने पितृऋण फेडावे, हे धर्मशास्त्रकारांनी आणि त्यांच्या मागोमाग कीर्तनकारांनी इतक्या वेळा सांगितले की ऋणे मुळी तीनच, असा सामान्य समज होऊन बसला. चौथे जे मनुष्यऋण, ते मागे पडले. ते कशाने फिटते, तर माणसांना राहावयास जागा आणि खावयास अन्न दिल्याने, असे तो ग्रंथ सांगतो. या व्यवहारात ऋणको कोण आणि धनको कोण, हे वाचकाने क्षणभर थांबून नीट पाहावे अशी माझी विनंती आहे. दाराशी उभा राहिलेला, अंगावरच्या वस्त्रानिशी आलेला माणूस येथे धनको आहे; आणि ज्याच्या डोक्यावर छप्पर आहे, ज्याच्या चुलीवर अन्न शिजते आहे, तो ऋणको आहे. आश्रय देणारा उपकार करीत नाही. तो आपले जुने देणे भागवितो.

आपल्या काळात हा हिशेब नेमका उलटा मांडला जातो, आणि तो किती उलटा मांडला जातो हे निर्वासित धावपटूंच्या चरित्रांत जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल.

१० ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या स्टाड द फ्रान्स या क्रीडांगणावर ऑलिंपिकची ५००० मीटरची अंतिम शर्यत झाली. नॉर्वेचा याकोब इंगेब्रिग्टसेन पहिला आला, केनयाचा रोनाल्ड क्वेमोई दुसरा, अमेरिकेचा ग्रँट फिशर तिसरा. आणि फिशरच्या मागे सेकंदाच्या अवघ्या चौदा शतांशांनी जो चौथा आला, त्याच्या छातीवर कोणत्याही देशाचे नाव नव्हते. तो डॉमिनिक लोबालू. आज जो दक्षिण सुदान म्हणून ओळखला जातो त्या मुलुखात त्याचा जन्म झाला. नऊ वर्षांच्या सुमारास, युद्धात आईबाप गमावून, तो सरहद्द ओलांडून केनयात आला आणि अनाथाश्रमात वाढला. तेगला लोरूप ही केनयाची थोर धावपटू, १९९४ साली न्यूयॉर्कची मॅरेथॉन जिंकणारी, तिने नैरोबीजवळ न्गोंग येथे निर्वासित धावपटूंसाठी जे शिबिर चालविले, त्यात त्याला धावण्याचे शिक्षण मिळाले. २०१७ साली लंडनच्या जागतिक स्पर्धेत तो निर्वासितांच्या संघातून १५०० मीटर धावलाही. पुढे २०१९ च्या मे महिन्यात संघाबरोबर तो जिनिव्हास एका शर्यतीसाठी गेला, शर्यत धावला, आणि नंतर संघाच्या मुक्कामातून बाहेर पडून त्याने स्वित्झर्लंडकडे आश्रयाचा अर्ज केला. सेंट गालन येथे मार्कुस हागमान नावाचे प्रशिक्षक त्याला भेटले. तेथून त्याच्या आयुष्याचा दुसरा खंड सुरू झाला.

त्या खंडातील काही भाग धावपट्टीवर घडला आणि काही दफ्तरात. ३० जून २०२२ रोजी स्टॉकहोमच्या डायमंड लीग स्पर्धेत तो ३००० मीटर ७ मिनिटे २९.४८ सेकंदांत धावला आणि पहिला आला. जगातील निवडक धावपटूंना मागे टाकणारा हा माणूस पुढच्याच महिन्यात अमेरिकेत यूजीन येथे भरलेल्या जागतिक स्पर्धेच्या आरंभरेषेवर मात्र उभा राहू शकला नाही. कारण निर्वासितांचा संघ त्याने सोडलेला होता आणि स्वित्झर्लंडचा तो नागरिक नव्हता. सामान्य रीतीने स्विस नागरिकत्व मिळावयाचे तर त्या देशात दहा वर्षांचे वास्तव्य लागते, आणि धावपटूच्या पायांत दहा वर्षे किती मोठी असतात हे कोणासही सांगावयास नको. जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने २०२४ च्या मे महिन्यात त्याला स्वित्झर्लंडतर्फे धावण्याची मंजुरी दिली, आणि लगोलग जूनमध्ये रोम येथील युरोपीय स्पर्धेत त्याने १०,००० मीटरमध्ये सुवर्ण आणि ५००० मीटरमध्ये कांस्य अशी दोन पदके त्या देशाला मिळवून दिली. परंतु ऑलिंपिक समितीचा कायदा निराळा. तेथे पारपत्रावाचून देशाचे नाव लावता येत नाही. म्हणून जो माणूस जूनमध्ये रोमला स्विस होता, तोच ऑगस्टमध्ये पॅरिसला पुन्हा निर्वासित झाला. देह तोच, पाय तेच, सराव तोच. बदलला तो केवळ कागद.

नियम करणाऱ्यांना मी दोष देत नाही. धनाढ्य देशांनी दरिद्री देशांतील धावपटू विकत घ्यावेत आणि त्यांना आपला झेंडा पांघरवावा, असे प्रकार पूर्वी घडलेले आहेत, आणि ते थांबविण्यासाठीच हे निर्बंध आले. माझी व्यथा त्याहून खोल आहे. अशा माणसाविषयी जे लिहिले आणि बोलले जाते त्यात, अत्यंत सद्भावनेने, एक सूर नेहमी उमटतो: पहा, या देशाने त्याला आसरा दिला आणि त्याने तो पदकाने फेडला. ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात, आणि भरून यावेत असेच ते कर्तृत्व असते. पण या कौतुकाच्या पोटात जो सिद्धांत दडलेला आहे, तो उघड करून पाहिला तर भय वाटते. आश्रय हे कर्ज आहे, ते घेणाऱ्याने व्याजासह परत केले पाहिजे, आणि ७ मिनिटे २९ सेकंद ही त्या कर्जाची पावती आहे, असा तो सिद्धांत आहे. मग ज्याला तेच अंतर धावावयास पंधरा मिनिटे लागतात, त्याच्या अर्जावर काय शेरा मारावा? आणि ज्याला युद्धाने पायच ठेवले नाहीत, त्याच्या?

हा प्रश्न नवा नाही. समुद्राच्या उत्तर तीरावर वानरसैन्याचा तळ पडलेला असता आपल्या चार सोबत्यांसह बिभीषण आकाशमार्गाने येतो आणि शरण मागतो, त्या वेळी रामाच्या छावणीत जी खल होते, ती वाल्मीकीने मोठ्या बारकाव्याने नोंदविली आहे. आणि आजच्या कोणत्याही निर्वासित-कचेरीतील कामकाज तिच्याशी ताडून पाहावे इतकी ती ताजी आहे. सुग्रीव म्हणतो, हा शत्रूचा हेर आहे, याला मारावे. शरभ म्हणतो, याच्यावर गुप्तचर ठेवावा. जांबवान म्हणतो, हा अवेळी आणि अस्थानी आला आहे, तेव्हा संशयास जागा आहे. मैंद म्हणतो, गोड बोलून हळूहळू चौकशी करावी. हनुमान बिभीषणाची बाजू घेतो, आणि तीही मुख्यतः युक्तिवादाने. याचे येणे देशकालास धरून आहे आणि याचा हेतू आपणांस ओळखता येतो, असे तो म्हणतो. या सर्वांचे ऐकून घेतल्यावर राम जे बोलतो त्यात राजनीती नाही असे नव्हे. पण त्याच्या बोलण्याचा शेवट राजनीतीच्या पलीकडे जातो. मित्रभावाने आलेल्याला, त्याच्यात दोष असला तरीही, मी टाकणार नाही. एकदा जो शरण आला त्याला सर्व भूतांपासून अभय देणे हे माझे व्रत आहे. आणि बाहेर उभा आहे तो बिभीषण नसून साक्षात रावण असला तरी त्याला घेऊन या. बिभीषण पुढे उपयोगी पडला, लंकेची रहस्ये त्याने सांगितली, हे खरे. पण क्रम पाहावा. अभय आधी दिले गेले, आणि उपयोग नंतर झाला. उपयोगाच्या बोलीवर अभय दिले असते, तर ते व्रत राहिले नसते. तो तहनामा झाला असता.

शिबी राजाच्या कथेत हाच विचार अधिक कठोर रूपाने आला आहे. ससाण्याच्या भयाने कपोत राजाच्या मांडीवर येऊन पडतो, आणि मागोमाग ससाणा येऊन आपली कैफियत मांडतो. त्या कैफियतीकडे आपण फारसे लक्ष देत नाही. पण ती खोटी नाही. तो म्हणतो, हे माझे भक्ष्य आहे, ते तू हिरावून घेतलेस तर मी मरेन आणि माझ्यामागे माझी बायकापोरे मरतील. एकाला वाचविण्यासाठी अनेकांना मारणे हा कोणता धर्म? आज युरोपात, आणि केवळ युरोपातच नव्हे, निर्वासितांविरुद्ध जे बोलले जाते त्यातील प्रामाणिक भाग हाच आहे: आमच्याच गरिबांना घर नाही, आमच्याच मुलांना काम नाही, मग परक्यांसाठी कोठून आणावे? राजा या भुकेला खोटे ठरवीत नाही, हे त्याचे मोठेपण. तो तराजू मागवितो. एका पारड्यात कपोत बसतो आणि दुसऱ्यात राजा स्वतःचे मांस कापून टाकू लागतो. आणि कपोताचे पारडे खालीच राहते तेव्हा तो स्वतःच त्या पारड्यात चढून बसतो. या कथेत कपोताचे वजन झाले, परंतु ते त्याची लायकी ठरविण्यासाठी झाले नाही. त्याचे वजन म्हणजे राजाच्या देण्याचे माप. आपण मात्र कपोताला पारड्यात बसवून विचारतो, तू किती वेगाने उडू शकतोस?

केनयाच्या वायव्येस, तुर्काना प्रांताच्या रखरखीत मैदानात, १९९२ साली उभारलेली काकुमा नावाची निर्वासितांची छावणी आहे. लोपेझ लोमाँग हा धावपटू तेथे दहा वर्षे राहिला. वयाच्या सहाव्या वर्षी, रविवारची प्रार्थना चालली असता, शिपायांनी त्याला आईच्या हातून ओढून नेले होते. मोठ्या मुलांबरोबर तो बंदिवासातून निसटला आणि रात्रंदिवस पळत सरहद्दीपार आला. छावणीत दिवसाला एक जेवण मिळे, आणि मंगळवारी उकिरड्यावर टाकलेले उष्टे वेचावयाला मिळे म्हणून मुले मंगळवारची वाट पाहत. चेंडू खेळावयाचा तर मैदान लहान आणि मुले अमाप. तेव्हा मुलांनीच असा शिरस्ता पाडला की आधी छावणीला वेढा घालून एक फेरी पुरी करावी आणि मगच खेळात शिरावे. ती फेरी सुमारे ३० किलोमीटरांची होती. कोणी घड्याळ लावले नव्हते, आणि या मुलांतून धावपटू निपजतील असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. २००० सालच्या सिडने ऑलिंपिकमधील मायकेल जॉन्सनची शर्यत लोमाँगने काही मैल चालत जाऊन, पदरचे पाच शिलिंग मोजून, एका कृष्णधवल दूरदर्शनसंचावर पाहिली, तेव्हा धावणे हे काही मिळविण्याचे साधन होऊ शकते हे त्याला प्रथम कळले. पुढच्या वर्षी तो अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील टली नावाच्या लहानशा गावी एका कुटुंबात गेला. २००७ साली नागरिक झाला. आणि २००८ साली बीजिंगच्या उद्घाटनसोहळ्यात अमेरिकेचा ध्वज वाहण्यासाठी सहकारी खेळाडूंनी त्याचीच निवड केली.

हे चरित्र वाचताना मला त्या ३० किलोमीटरांच्या फेरीपाशी पुनःपुन्हा थांबावेसे वाटते. त्या फेरीत लोमाँगच्या मागेपुढे इतरही मुले असतील. कोणी त्याच्याइतकेच चपळ, कोणी धापा टाकणारे, कोणी तापाने फणफणलेले आणि तरीही खेळाच्या आशेने पाय ओढणारे. त्यांपैकी कित्येकांना कोणत्याच देशाने बोलाविले नाही. त्यांची भूक कमी खरी होती काय? त्यांच्या गावांवर पडलेला जाळ कमी दाहक होता काय? गुणवंताला वर काढावे हे योग्यच आहे, आणि तेगला लोरूपने काकुमात निवडीच्या शर्यती भरविल्या नसत्या तर २०१५ साली अनवाणी धावून दुसरी आलेली रोझ नाथिके लोकोन्येन ही मुलगी पुढच्या वर्षी रिओमध्ये निर्वासितांच्या पहिल्या ऑलिंपिक संघाचा ध्वज घेऊन चालली नसती. त्या दहा जणांच्या संघाने जगाला एक गोष्ट दाखविली, की निर्वासित म्हणजे केवळ हात पसरणारा नव्हे. परंतु हीच गोष्ट दाखविण्याची पाळी त्यांच्यावर यावी, यात पाहणाऱ्यांचे काहीतरी हरवले आहे असे मला वाटते.

येथे कोणी विचारील, मग कृतज्ञतेचे काय? कृतज्ञता हा सद्गुण नव्हे काय, आणि लोमाँगने ध्वज उचलला तेव्हा त्याच्या मुद्रेवर जो आनंद होता तो खोटा होता काय? खोटा मुळीच नव्हता. पण कृतज्ञता आणि कर्जफेड या दोन गोष्टींची जात वेगळी आहे. कर्ज मागता येते, त्याचा तगादा लावता येतो, ते थकले तर जप्ती आणता येते. कृतज्ञता मागता येत नाही. मागितली की ती संपते. लोमाँगने आपल्या मूळ देशात पाणी, शाळा, अन्न आणि औषधे पोचावीत म्हणून पुढे जे कार्य आरंभिले, त्यासाठी त्याच्या दाराशी कोणी वसुलीला गेले नव्हते. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत; त्यांत सात्त्विक दान कोणते, तर देणे हे कर्तव्य आहे एवढ्याच बुद्धीने, परतफेड करू न शकणाऱ्याला दिलेले. आणि परतफेडीच्या आशेने, फळावर दृष्टी ठेवून, जड मनाने दिलेले ते राजस. मी म्हणतो त्या विचाराचे सगळे सार या एका भेदात आहे. जो देश आपल्या छावण्यांतून धावपटू, जलतरणपटू आणि वैज्ञानिक तेवढे वेचून घेतो, त्याने दान केले हे नाकारता यावयाचे नाही. परंतु ते राजस दान होय, आणि शतपथात सांगितलेले चौथे ऋण त्याने फिटत नाही.

हे ऋण आपल्या भागातही एकदा, फारसा गाजावाजा न होता, फेडले गेलेले आहे. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक स्त्रिया, मुले आणि वृद्ध, रशियाच्या बंदिवासातून सुटून इराणमार्गे आलेले. त्यांची भाषा कोणास येत नव्हती, त्यांच्यापासून कोणत्याही लाभाची अपेक्षा नव्हती, आणि पंचगंगेकाठच्या त्या बराकींत त्यांच्या शाळा भरल्या, प्रार्थना झाल्या, लग्ने लागली. ते गेले आणि त्याच जागी फाळणीने उखडलेले सिंधी येऊन राहिले. आज तिला गांधीनगर म्हणतात आणि कापडाच्या खरेदीसाठी लोक लांबून तेथे येतात. पोलिश मुलांनी कोल्हापूरला कोणते पदक आणून दिले, असा प्रश्न आजवर कोणाच्याही मनात आला नाही. असा प्रश्न जेथे मनातच येत नाही, तेथे धर्म जागा असतो.

राहता राहिला तो धावणाऱ्याच्या स्वतःच्या ऋणाचा प्रश्न. कारण आश्रयदात्याचा तो ऋणको नसला तरी अगदीच अनृणी आहे असे नाही. त्याच्या माथी पितृऋण आहे, आणि युद्धातून वाचलेल्याच्या बाबतीत ते इतरांहून जड असते. गुओर मरियाल हा दक्षिण सुदानात जन्मलेला धावपटू बालपणीच युद्धात सापडला, पळाला, इजिप्तमार्गे २००१ साली अमेरिकेत पोचला, आणि पुढे आयोवा राज्याच्या विद्यापीठातून धावू लागला. सुदानच्या यादवीत त्याच्या घरातील २८ माणसे गेली. २०११ साली आपल्या आयुष्यातील पहिलीच मॅरेथॉन २ तास १४ मिनिटे ३२ सेकंदांत धावून तो लंडन ऑलिंपिकला पात्र ठरला, परंतु धावावे कोणाच्या नावाने हा पेच उभा राहिला. अमेरिकेचे नागरिकत्व त्याच्यापाशी नव्हते. दक्षिण सुदान ९ जुलै २०११ रोजी स्वतंत्र झालेला, त्याची ऑलिंपिक समितीच अस्तित्वात नव्हती. सुदानच्या संघातून धावण्याचा मार्ग तेवढा मोकळा होता, आणि तो त्याने नाकारला. त्या झेंड्याखाली धावणे म्हणजे मेलेल्यांशी द्रोह, असे त्याचे म्हणणे होते. बारा-पंधरा वर्षांच्या कष्टानंतर हाती आलेली संधी एका नकाराने जाऊ शकत होती, आणि तो नकार त्याने दिला. या नकाराला मी कोणत्याही पदकाहून मोठे समजतो. जगाला दिसण्यासाठी माणसे कोणताही वेष घेतात. हा माणूस, दिसलो नाही तरी चालेल पण त्या २८ जणांना विसरलो असे होता कामा नये, असे म्हणून उभा राहिला. ऑलिंपिक समितीने त्याला कोणत्याही देशावाचून, पाच वर्तुळांच्या ध्वजाखाली धावू दिले, आणि १२ ऑगस्ट २०१२ रोजी तो ४७ वा आला.

चार वर्षांनी दक्षिण सुदानचा संघ ऑलिंपिकमध्ये प्रथमच उतरला, तेव्हा रिओच्या उद्घाटनसोहळ्यात त्या देशाचा ध्वज त्याच्याच हाती होता. मॅरेथॉनमध्ये तो ८२ वा आला. आणि त्यानंतर, २०१८ साली, तो अमेरिकेच्या हवाई दलात भरती झाला. एका देशाचा ध्वज आणि दुसऱ्या देशाचा गणवेष एकाच माणसाच्या अंगाला कसे शोभतात, असे विचारणारे पुष्कळ भेटतील. त्यांना मी इतकेच सांगेन की पहिल्या कृतीत त्याने पितरांचे देणे दिले आणि दुसरीत, कोणी न मागता, आपली कृतज्ञता दिली. ४७ वा किंवा ८२ वा आल्याबद्दल अमेरिकेने त्याच्या आश्रयाची फेरतपासणी केली नाही, आणि लोबालूच्या बाबतीतही, ते चौदा शतांश त्याला पुढे कधी भरून काढता आले वा न आले, सेंट गालनमधील त्याच्या घराचा हक्क त्यावर अवलंबून असू नये.